टेंबेबाईंचा झाकलेला टीव्ही

चांगली डॉक्युमेंटरी कोणती बघू, असं ऑफिसातली मुलं मला अजूनही विचारतात. मी नावं सांगत नाही. ज्या बाईंनी मला हे बघायला शिकवलं त्यांनीही कधी नावं सांगितली नाहीत. कॅसेटवरचं लेबल त्या नखाने खरवडून काढायच्या आणि निळ्या शाईने स्वतःचं काहीतरी लिहायच्या. 'होडीवाला'. 'बहिऱ्यांची शाळा'. 'खाणीतली शिवी'. नाव आणि बक्षिसं आधी वाचली की माणूस बघण्याआधीच मान डोलवायला लागतो, असं त्यांचं म्हणणं. आणि मान डोलवणाऱ्या माणसाबद्दल टेंबेबाईंना फार वाईट संशय असायचा.

तसा तो कशाबद्दल नव्हता म्हणा! दुधाच्या पिशवीबद्दल होता, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल होता, बँकेतल्या नव्या हसऱ्या मुलीबद्दल तर फारच होता. "आधी खेकसायचे तेव्हा निदान कळायचं, काम होणार नाही," असं त्या म्हणायच्या.

संगणकातली तारीख बदलली की जग बंद पडणार, अशी हवा होती तेव्हा कंपन्यांनी भराभर मुलं घेतली. त्या भरतीत मी लागले. सॉफ्टवेअर तपासण्याचं काम. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. हे मी मिरवून सांगते, कारण ते मिरवण्यासारखंच आहे. लोणी काळभोरहून रोजची ये-जा जमेना, म्हणून कोथरूडात खोली शोधायला निघाले. बरीच दारं उघडली. चहा विचारला जायचा, नोकरीचं कौतुक व्हायचं, मग हळूच, "आडनाव काय म्हणालात?" मी सांगायचे. मग त्यांना आठवायचं, की अय्या, कालच एकीला शब्द देऊन बसलोय.

टेंबेबाईंनी दार उघडलं ते निम्मंच. उंच, काटकुळ्या, बारीक कापलेले पांढरे केस, चष्मा कपाळावर.

"खोलीसाठी आलेय, काकू."

"मी तुझ्या काकाची बायको नाही. बाई म्हण. आणि बोल."

"काय बोलू?"

"काहीही. मला आवाज ऐकायचाय."

आणि त्यांनी चक्क डोळे मिटले. मी बस कुठे बदलली, रिक्षावाल्याने कसं फिरवलं, असलं काहीबाही सांगत राहिले. मध्येच त्यांनी विचारलं, "घोरतेस का?"

"माहीत नाही."

"म्हणजे प्रामाणिक आहेस, नाहीतर हुशार. दोन्ही चालेल. सामान कधी आणतेस?"

आडनाव विचारलंच नाही. खोली मिळाली, पण मला चैन पडेना. विचारलं नाही म्हणजे काय? माहीत आहे म्हणून विचारलं नाही, की कळल्यावर बाहेर काढायला सोपं जावं म्हणून? पहिले काही महिने मी बॅग पूर्ण रिकामी केली नव्हती. त्या माझ्याकडे संशयाने बघायच्या, मी त्यांच्याकडे. एका घरात राहायला एवढं पुरतं.

बाई मुंबईला सरकारी फिल्म विभागात आवाजाचं काम करायच्या. थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी जे छोटे चित्रपट दाखवायचे, त्यांचे आवाज कापायचे आणि जोडायचे. निवृत्त होऊन पुण्यात आल्या, तेव्हा बरोबर होत्या कॅसेटी आणि कुणाच्याही बोलण्यावर विश्वास न ठेवण्याची सवय. मी माझ्या कामाबद्दल सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा खूश झाल्या. "म्हणजे शंका घेण्याचा पगार मिळतो तुला? आम्हाला शंका आल्यावर गप्प बसण्याचा मिळायचा."

रविवारी दुपारी चार ओळखीची माणसं जमवून त्या घरच्या हॉलमध्ये डॉक्युमेंटरी लावायच्या. मी एकदा 'माहितीपट' म्हणाले. "माहिती रेल्वेच्या खिडकीवर मिळते," त्या म्हणाल्या. "ती विचारायची असेल तर स्टेशनवर जा."

त्यांची पद्धत अशी : टीव्हीवर एक जाड टॉवेल टाकायचा आणि सुरुवातीचा भाग नुसता ऐकायचा. मग टॉवेल काढायचा, कॅसेट मागे न्यायची आणि तोच भाग डोळ्यांनी बघायचा. "चित्र लबाडी करतं तेव्हा निदान दिसतं," त्या म्हणायच्या. "आवाज मागच्या दाराने येतो."

सोसायटीचे सेक्रेटरी गोडबोले एका रविवारी चौकशीला आले. बाईंच्या घरात कसल्या तरी मीटिंगा चालतात, टीव्हीला कापड घालून माणसं अंधारात बसतात, अशी तक्रार होती.

"कसली मंडळी जमतात म्हणायची ही?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"बसा आणि बघा. म्हणजे ऐका."

"मला वेळ नाही."

"तक्रारीला वेळ आहे ना? तो वापरा."

गोडबोले खुर्चीच्या कडेवर टेकले. टॉवेलखालून धो धो पाऊस ऐकू येत होता आणि एक भारदस्त आवाज पूरग्रस्तांच्या हालांबद्दल बोलत होता. बाईंनी विचारलं, "काय ऐकलंत?"

"पाऊस. दुसरं काय?"

"कशावर पडतोय?"

गोडबोल्यांनी कान दिला. "पत्र्यावर."

बाईंनी टॉवेल ओढला. पडद्यावर नुसतं शेत. लांबवर कुठे छप्परसुद्धा नाही. "आता मला पत्रा शोधून द्या," बाई म्हणाल्या, "मग तुमच्या तक्रारीवर सही करते." गोडबोले शेवटपर्यंत पत्रा शोधत बसले. पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी हजर.

एवढा संशय आला कुठून, हे मी एकदा विचारलं होतं. बाईंनी चहा गाळता गाळता सांगितलं. कुठल्याशा कालव्याचं उद्घाटन चित्रित झालं होतं. मंत्र्यांचं भाषण झालं आणि कुणी टाळ्याच वाजवल्या नाहीत. वरून फर्मान आलं, टाळ्या हव्यात. बाईंनी कपाटातून क्रिकेटच्या एका सामन्याच्या टाळ्या काढल्या आणि कालव्याला लावल्या. "नीट ऐकलंस तर त्यात एक माणूस 'चौका!' म्हणून ओरडतो. सगळ्या देशात दाखवलं ते. एकालाही ऐकू आलं नाही." मग गाळणी झटकत म्हणाल्या, "तेव्हापासून मी लोकांवरही विश्वास ठेवत नाही."

आमच्या कंपनीने स्वतःवर एक झकास फिल्म करून घेतली होती. काचेची इमारत, हसरी मुलं, मागे सतार. मी अभिमानाने घरी आणली. बाईंनी टॉवेल टाकून ऐकली आणि म्हणाल्या, "एवढी माणसं आहेत तुमच्याकडे, एकही खोकत नाही? डॉक्टरांना दाखवा." मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसले तर सगळीकडून नुसता खोकलाच ऐकू यायला लागला.

त्यांनी कुठल्याही फिल्मला 'चांगली' म्हटलेलं मी ऐकलं नाही. सगळ्यात वरच्या कप्प्यात मोजक्याच कॅसेटी होत्या आणि त्यांच्याबद्दल त्या म्हणायच्या, "यात मला अजून चोरी सापडलेली नाही." 'होडीवाला'मध्ये नदीवर पूल झाल्यावर एक नावाडी शेवटचा हंगाम होडी चालवतो. त्यात कुणी दुःखी संगीत वाजवत नाही, फक्त वल्ह्याचा आवाज येतो आणि दिवसेंदिवस वरून ट्रकांचा आवाज वाढत जातो. 'बहिऱ्यांची शाळा' जवळजवळ मुकी आहे. मुलं मधल्या सुट्टीत भांडतात ते हातांच्या खुणांनी, आणि भांडण एवढं पेटतं की बघताना आपलेच कान बसल्यासारखे वाटतात. 'खाणीतली शिवी'त दगड फोडणारी बाई कॅमेरावाल्यालाच शिवी देते, "उनात उभा ऱ्हाऊन माझं काय बघतो रं, घे की हातोडा." त्याने ती शिवी कापली नाही. बाई म्हणायच्या, "स्वतःला पडलेली शिवी ठेवतो त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. थोडा." या तिन्ही बघाच. मिळाल्या तर.

शहरातलं एक छोटं फिल्म मंडळ वर्षातून एकदा निवडक डॉक्युमेंटऱ्या दाखवायचं. त्यांच्यात बाईंचा शब्द शेवटचा असायचा. आणि फिल्म संपली की त्या उभ्या राहून दोन वाक्यं बोलायच्या. लोक फिल्मइतकीच त्या दोन वाक्यांची वाट बघायचे.

म्हणूनच मी आबांची कॅसेट त्यांच्याकडे नेली.

आबा म्हणजे माझे वडील. हडपसरकडच्या एका कारखान्यात फिटर होते. नवं वारं आलं, बाहेरचा माल आला, आणि कारखान्याला कुलूप लागलं. कामगार गेटसमोर धरणं धरून बसले. सगळ्यांत पुढे आबा. गेटवर दत्तू नावाचा त्यांचा जोडीदार एकदा सगळ्यांसमोर रडायला लागला, तर आबांनी त्याला दंडाला धरून उठवला. "रडायचं आसंल तर घरी जा. मालक आतून बघतोय." दत्तू गेला तो परत गेटवर आला नाही. धरणं पुढे विरलं, पण आबा गेटवर ताठ बसले होते, ही गोष्ट आमच्या भागात सगळ्यांना माहीत होती.

धरणं संपल्यावर अद्वैत नावाचा एक तरुण कॅमेरा घेऊन आला. आबांना पुन्हा गेटवर नेऊन बोलतं केलं, घरी येऊन जेवला, आणि फिल्म झाल्यावर कॅसेट देऊन गेला. मंडळाच्या यंदाच्या यादीतही ती फिल्म होती, बाईंनी बघणं तेवढं बाकी होतं. घरी कॅसेट लावायचं यंत्र नाही, म्हणून आबांनी ती माझ्याकडे दिली. मी ती एकटीने बघितली नाही. बाईंबरोबरच बघायची होती मला.

टॉवेल टाकला. ट्रकांचे हॉर्न, हायवेची घरघर, आणि त्यातून आबांचा आवाज. मशीन कशी कुरकुरायची, कुठल्या बोल्टाला कधी तेल घालायचं, सगळं खडखडीत. बाई मान खाली घालून ऐकत होत्या. मग आवाज थांबला आणि एक हुंदका आला. मोठा, छातीतून आलेला. त्यावर बासरी.

बाईंनी कॅसेट थांबवली.

"हा त्यांचा नाही."

"म्हणजे?"

"हायवे कुठे गेला? हुंदक्यात ट्रक नाहीत. खोलीत बसून कोणा नटाकडून करून घेतलाय आणि वर चिकटवलाय."

मला काय झालं ते सांगते. एवढे महिने मनात दाबून ठेवलेलं सगळं वर आलं. "आमच्या माणसाचं रडणंही तुम्हाला खोटं वाटतं का, बाई? तुमच्यातला कोणी रडला असता तर असं म्हणाला असतात?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. माझ्याकडे नीट बघितलं. "तुमच्यातला, आमच्यातला हे मला ऐकू येत नाही. पंखा येतो. ऐक." त्यांनी तेवढाच भाग पुन्हा लावला, आवाज वाढवून. हुंदक्याच्या खाली पंखा फिरत होता. घर्र, टक्. घर्र, टक्. प्रत्येक फेऱ्याला पातं जाळीला घासत होतं.

मी टीव्हीजवळ सरकले.

"बाई, हा पंखा आमच्या घरातला आहे."

बाईंनी तो भाग पुन्हा एकदा ऐकला. मग म्हणाल्या, "मग नट नाही. माझं चुकलं. पण मग हे जास्त वाईट आहे."

दुसऱ्याच दिवशी त्या माझ्याबरोबर बसने लोणीला आल्या. वाटेत फक्त बसच्या इंजिनाचा आवाज ठीक नाही असं कंडक्टरला सांगितलं. आबा दारात होते. "जय भीम, बाई," ते म्हणाले. "जय भीम," बाई म्हणाल्या, रोजचंच असल्यासारखं. तेव्हासुद्धा मला वाटलं, कुठे शिकल्या असतील? माझं डोकं तसंच चालायचं.

बाई बसल्या. वर पंखा घासत होता. "मी तुमचं रडणं दुसऱ्याचं म्हणाले," त्यांनी सरळ सांगितलं. "ते चुकीचं होतं."

आबांचा चेहरा उतरला. "कंचं रडणं?"

मी सांगितलं. ते वर पंख्याकडे बघत म्हणाले, "त्या पोरानं क्यामेराला झाकण लावलं व्हतं, बाई. म्हनला, झालं काम. मग जेवता जेवता म्हनला, लेक काय करती? म्या सांगाया लागलो हिचं. हापिसात बसती, काचंच्या... आन् आलं मला. आनंदानं आलं का कशानं, ते मलाच ठावं न्हाई. पर गेटासाठी न्हाई आलं."

कॅमेऱ्याला झाकण होतं, पण शर्टाच्या कॉलरला लावलेला छोटा माइक तसाच होता. अद्वैतने तो आवाज उचलला आणि गेटवरच्या आबांच्या गप्प चेहऱ्यावर आणून ठेवला.

"ही फिल्म दाखवायचीच नाही," मी म्हणाले.

"न्हाई कशी? समदे येनार हायत. टेम्पो ठरलाय. बाकीचं खरं हाय न्हवं त्यात?"

"बाकीचं सगळं खरं आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही बोल्टाबद्दल बोललात तसं मी आजवर कुणाला बोलताना ऐकलं नाही."

"पर दत्तूबी येनार हाय." आबांनी हात जोडले. "बाई, तुमी आधी म्हनला व्हता ना, दुसऱ्याचं हाय म्हनून? तसंच सांगा की लोकास्नी. तुमचा शबुद मानत्यात म्हनं."

"मी खोटं सांगत नाही, आबासाहेब."

"मग म्या येत न्हाई तिकडं." आबा उठून मागच्या दारी गेले ते परत आले नाहीत. त्यांना शेवटी मी कसंबसं तयार केलं, ते 'तुम्ही नसलात तर दत्तू तो हुंदका तुमच्या माघारी ऐकेल' असं सांगून.

बाईंनी अद्वैतला फोन केला. मी शेजारीच उभी होते. त्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता. "बाई, तोच तर त्या फिल्मचा प्राण आहे! आणि हुंदका खराच आहे ना त्यांचा? मी काही बनवलं नाहीये."

"चोरीचा माल खराच असतो," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. फिल्म मात्र त्यांनी यादीतून काढली नाही. का काढली नाही ते मला सांगितलं नाही. माझा संशय पुन्हा जागा झाला. अद्वैत चांगल्या घरातला, त्यांच्याच ओळखीतला. म्हाताऱ्या फिटरसाठी त्या त्याला दुखावतील कशाला?

हॉल भरला होता. आबांचे जोडीदार धुतलेले शर्ट घालून एका रांगेत. दत्तू टोकाला, आबांपासून सगळ्यांत लांब. गोडबोलेही आले होते. फिल्म सुरू झाली. बोल्टाच्या गोष्टीवर फिटर लोक हसले, एकमेकांना कोपरं मारली. मग गेट, आबांचा गप्प चेहरा, हुंदका, बासरी. हॉलमध्ये रुमाल निघाले. आबा दगडासारखे बसले होते. दत्तूने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं आणि बघतच राहिला.

दिवे लागले. टाळ्या संपेपर्यंत बाई थांबल्या. मग उठल्या.

"या फिल्ममधला माणूस जे बोलतो ते सगळं खरं आहे. ते तुम्ही दोनदा ऐका." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "यातला हुंदका गेटवरचा नाही. गेटवर हा माणूस रडलेला नाही. तो आवाज दुसरीकडून आणून लावलेला आहे. कुठून, ते ज्याने लावला तो सांगू शकेल. तो इथे बसलाय."

सगळ्यांच्या माना वळल्या. अद्वैत लालबुंद होऊन अर्धा उठला. तोंड उघडलं. हुंदका त्यांचाच आहे, एवढं म्हटलं असतं तर बाजी फिरली असती. पण मग पुढचा प्रश्न आला असता, कधी घेतलास? आणि झाकण लावलेल्या कॅमेऱ्याची गोष्ट सगळ्या हॉलसमोर सांगावी लागली असती. त्याने एकदा आबांकडे बघितलं. आणि खाली बसला.

"तरीच!" दत्तू मोठ्याने म्हणाला. "आयला, मला वाटलंच, ह्यो कुठनं रडतोय! ह्यानं तर मला हाकलला व्हता." अख्खी रांग हसली. आबाही हसले, जरा उशिराने. दत्तू माणसं ओलांडत आला आणि त्यांच्या पाठीत थाप मारून म्हणाला, "चल रे, चहा पाज आता, लई दिस झाले."

बाईंच्या वाक्यांत एकही शब्द खोटा नव्हता. मी ती वाक्यं नंतर पुष्कळदा मनात तपासली, माझं कामच ते आहे. चूक सापडत नाही. पण हॉलमधले सगळे जण एक खोटी गोष्ट घेऊन घरी गेले, हेही खरं. हे त्यांनी आबांसाठी केलं, की अद्वैतची जिरवायला, की आपण जे आयुष्यभर केलं ते अजून येतं का ते बघायला, मला सांगता येणार नाही. मी विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलेल्यावर मी विश्वास ठेवला नसता. त्यांनीच तसं शिकवलं होतं.

बाहेर आबा त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले.

"माझे कसले आभार?" बाई म्हणाल्या. "मी जे होतं तेच बोलले."

"व्हय की," आबा म्हणाले. "तेच तर."

पुढे मी हिंजवडीकडे राहायला गेले, आबांनाही तिकडे आणलं, बाई कधीतरी त्यांच्या भाचीकडे दुसऱ्या गावी गेल्या. पण मला त्या आठवतात त्या फिल्म दाखवली त्या दुपारच्याच. रस्त्याच्या कडेला हात आडवा करून त्यांनी रिक्षा थांबवली, आत बसायच्या आधी वाकून मीटर बघितला, मग रिक्षावाल्याचा चेहरा बघितला.

"बसा की, बाई. विश्वास नाही का?"

"नाही," त्या म्हणाल्या आणि बसल्या. मागे दत्तू आणि आबा चहाच्या गाडीवर एकमेकांना ढकलत हसत होते, आणि रिक्षा वळेपर्यंत बाईंनी आमच्याकडे वळून पाहिलं नाही. डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून त्या ऐकत होत्या. इंजिन असेल. किंवा आम्ही.